चानीच्या पाठी काय आसा

आमच्या घरात बंदूक होती असं सांगितलं की समोरचा माणूस जरा सावरून बसतो. मग मी सांगतो की अहो बंदूक म्हणजे छर्ऱ्याची, एअरगन, चौपाटीवर फुगे फोडायला असते ना तसली, की तो हसतो आणि परत सैल होतो. पण दहा बाय दहाच्या दोन खोल्या, त्यात आम्ही पाच जण, वर मामा सहावा, आणि कपाटाच्या मागे गोणपाटात गुंडाळलेली बंदूक, हे काय अगदीच हसण्यासारखं नव्हतं. आईला तर पहिले दोन महिने तिकडचा केर काढायची पण भीती वाटायची.

बंदूक मामाची. मामा १९९१ साली सिंधुदुर्गातून गोरेगावला आला तो एका छापखान्यात कामाला, आणि येताना तांदूळ, सोलं, कुळथाचं पीठ आणि ही बंदूक घेऊन आला. गावाला ती माडांवरची वानरं हाकलायला होती. म्हणजे मारायला नाही, नुसता फट्ट आवाज केला की वानरं पुढच्या वाडीत जायची आणि पुढच्या वाडीवाल्याने फट्ट केलं की परत आमच्याकडे, असं वर्षानुवर्षं चाललेलं. तिची स्प्रिंग बसली होती म्हणून फोर्टात बदलून घ्यायला आणली. स्प्रिंग बदलून झाली, पण बंदूक परत गावाला नेणार कोण आणि कधी, यात तीन वर्षं गेली. त्या तीन वर्षांत मी दहाचा तेराचा झालो.

होती ती डायना नावाच्या जर्मन एअरगनची देशी नक्कल. नळी मधून मोडायची, कोयता मिटल्यासारखी. मोडताना आत स्प्रिंग दाबली जाते आणि कट्ट करून अडकते, तो कट्ट आला नाही तर समजायचं हातात जोर नाही. मला पहिल्या वर्षी जोर नव्हता, मी दस्ता पोटाशी धरून दोन्ही हातांनी नळीला लोंबकळायचो. मग नळीच्या तोंडात छर्रा. छर्रा म्हणजे शिशाचा एवढासा डमरू, कमरेत बारीक आणि मागून पोकळ, ४.५ मिलिमीटरचा. अंगठ्याने दाबून बसवायचा, नळी सरळ करायची, बस. आत बारूद नाही, धूर नाही. घोडा दाबला की स्प्रिंग सुटते, ती पिस्टनला ढकलते, पिस्टन हवेला, हवा छर्ऱ्याला. एकदम सायकलच्या पंपाचा प्रकार, फक्त रागावलेला पंप.

पण या बंदुकीची एक खोड असते आणि ती मला मामाने शिकवली. पिस्टन पुढे जातो तेव्हा बंदूक आधी मागे ढकलते, आणि पिस्टन टोकाला पोचून हवेवर आपटला की पुढे ओढते. दोन झटके. आणि हे सगळं होईपर्यंत छर्रा अजून नळीतच असतो. त्यामुळे घोडा दाबला आणि लगेच डोकं वर करून कुठे लागलं ते बघायला गेलात की नेम गेलाच. मामा म्हणायचा, "सुटल्यावर पण बघीत ऱ्हवाचा. आणि घोडो ओढूचो नाय. आंबो पिकलो काय बघतत ना, तसो दाबूचो." अर्धा श्वास सोडायचा, अर्धा ठेवायचा, डावा डोळा मिटायचा, आणि आंबा दाबायचा. आईचा आवाज आला तरी दाबत राहायचं.

जुहू चौपाटीवर एकदा मजा झाली होती. फुग्यांच्या फळीवर मामाने पहिले तीन फुगे चुकवले आणि फुगेवाला खूश. मग मामाने नळी डोळ्यासमोर धरून बघितली, पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा तो नेमाचा दाणा, एका बाजूला झुकलेली होती. ती मुद्दाम वाकवलेली होती की हजार लोकांनी हाताळून वाकली होती देव जाणे. मामाने काही न बोलता प्रत्येक फुग्याच्या शेजारच्या फुग्यावर नेम धरायला सुरुवात केली आणि एका मागोमाग एक रांग साफ केली. मी बाजूला उभा राहून मोजत होतो. सतराव्या फुग्याला फुगेवाल्याने बंदूक काढून घेतली आणि वर आम्हाला भेळेच्या गाडीकडे बोट दाखवलं, जा, तिकडे जा. बक्षीस वगैरे काही नाही.

तर खरं सांगायचं ते आरेबद्दल.

आरे कॉलनी १९४९ साली झाली ती शहरातले म्हशींचे तबेले बाहेर नेऊन नीट दूध काढायला. आमच्या लहानपणी पण ती आमच्यासाठी मुख्यतः म्हशींचीच होती. युनिट नंबर अमुक, युनिट नंबर तमुक, शेणाचा वास, पेंढ्याचे ट्रक, आणि मधे मधे वारली लोकांचे पाडे. छोटा काश्मीरला पिकनिकवाले यायचे, बाकी रान रिकामं. पलीकडे नॅशनल पार्क, त्याची हद्द कुठे सुरू होते ते आम्हाला कधी कळलं नाही आणि बिबट्याला तर नाहीच. रविवारी सकाळी मामा मला घेऊन चालत जायचा. पिशवीत बंदूक, डब्यात छर्रे, आणि निशाण म्हणून डालड्याचे, बोर्नव्हिटाचे, रंगाचे असे रिकामे डबे. खडकाच्या पुढ्यात डबे मांडायचे, नेहमी खडकाच्याच पुढ्यात, कधी उघड्यावर नाही. तेव्हा मला वाटायचं डबे वाऱ्याने पडू नयेत म्हणून.

डबे फोडून झाले की मामा बिडी ओढायला बसायचा आणि मला म्हणायचा, आता गप बस. नुसता बस. आणि मग जे व्हायचं ना, ते मला नीट सांगता येत नाही पण प्रयत्न करतो. पहिली पाच मिनिटं काहीच नसतं. आपण आलो म्हणून सगळं गप झालेलं असतं, आपल्याला वाटतं रानात काही नाहीच. दहाव्या मिनिटाला कुठेतरी पान हलतं. मग सातभाई येतात, कलकल करत, पाला उचकत. मग लांबून चिक्-चिक्-चिक्, एका तालात, थांबतच नाही, आणि मामा मान न हलवता म्हणतो, "चानी."

चानी म्हणजे खार. आम्ही शाळेत खारूताई म्हणायचो, मामाकडे ती चानी. खारीचं सगळं मला तिथे बसून कळलं. ती चिकचिक करते तेव्हा प्रत्येक चिकला शेपटी झटकते, म्हणजे आवाज कुठून येतोय ते कळलं नाही तर शेपटी शोधायची. ती आपल्याला बघून पळते ते लांब नाही पळत, खोडाच्या पलीकडच्या बाजूला जाते आणि तिथेच चिकटून राहते. आपण डावीकडे सरकलो की ती उजवीकडे. खोड कायम आपल्या आणि तिच्या मधे. आणि थोडा वेळ काही झालं नाही की फांदीच्या बेचक्यातून आधी फक्त डोकं काढते. त्या वेळी ती अगदी स्तब्ध असते, दोन सेकंद, तीन सेकंद. हे मला कुठल्या पुस्तकाने सांगितलं नाही. आजही सोसायटीच्या आवारात खार दिसली की ती पुढे काय करणार हे मी बहुतेक वेळा बरोबर सांगतो आणि मुलीला वाटतं बाबाला प्राण्यांची किती आवड. तिला काय माहीत ही विद्या कशासाठी शिकलेली.

मामाने स्वतः मात्र आरेत कधी काही मारलं नाही. विचारलं तर म्हणायचा, खाणार काय तिका, दोन घासपण नाय भरूचे. त्याचा हिशोब साधा होता.

१९९४ चा फेब्रुवारी. मामाची रविवारची पण ओव्हरटाइम पाळी होती, आई-बाबा दादरला एका लग्नाला, आणि मी सर्दीचं कारण काढून घरी. शेजारच्या मित्राला घेतला, बंदूक पिशवीत घातली, वर टॉवेल, आणि निघालो. दोघं तेरा वर्षांचे. रस्त्यात कोणी विचारलं तर क्रिकेटच्या स्टंपा आहेत असं सांगायचं ठरलं होतं. कोणी विचारलं नाही.

एका पाड्याच्या वरच्या अंगाला काटेसावरीचं झाड होतं. फेब्रुवारीत सावरीला पान एक नसतं, नुसती लाल फुलं, जाड, वाटीसारखी, आणि आत मध. कावळे, मैना, बुलबुल, सगळे जमलेले, आणि खारी. खार सावरीच्या फुलात तोंड घालते तेव्हा तिचं अख्खं डोकं आत जातं आणि बाहेर काढते तेव्हा मिशांना पिवळे परागकण. हे मी बघत होतो. वीस मिनिटं बसलो असेन, मित्र कंटाळला, डासांनी खाल्लं त्याला. खाली पडलेली फुलं खायला एक खार खोडावरून उतरली, आम्हाला बघितलं, आणि गेली खोडामागे. मला मामाचं आठवलं, म्हणजे मामाने सांगितलेलं नाही, मामाजवळ बसून जे दिसलं होतं ते. मी मित्राला खुणेने सांगितलं, तू जा, पलीकडून वळसा घाल.

तो गेला. पाला वाजवत गेला, मुद्दाम. आणि बरोबर, खार त्याला टाळून माझ्या बाजूला आली. खोडावर, उलटी, डोकं खाली. माझ्यापासून असेल पंधरा पावलांवर. थांबली.

त्या क्षणाबद्दल मी खोटं बोलणार नाही. इतक्या वर्षांत लोकांना ही गोष्ट सांगताना मी दर वेळी इथे थोडा पश्चात्ताप घालतो, हात थरथरला वगैरे. हात अजिबात थरथरला नव्हता. उलट इतकं स्वच्छ मला आधी कधी दिसलं नव्हतं आणि नंतरही क्वचितच. तिच्या कानाची कड, त्यातून येणारं ऊन, पंजाची नखं सालीत रुतलेली, पोट धपापतंय ते. माशी तिच्या डोक्यावर येऊन बसली, म्हणजे नळीवरची माशी, आणि बाकी सगळं जग मागे पुसट झालं. अर्धा श्वास. आंबा दाबला. आणि सुटल्यावरही बघत राहिलो, शिकवल्यासारखा.

ती पडली ती सरळ खाली, दगड पडतो तशी. फुलांवर. काही तडफड नाही.

मित्र पलीकडून धावत आला, लागली का, लागली का. मी उचलली. गरम होती आणि मला वाटलं होतं त्याच्यापेक्षा खूपच हलकी, मुठीत काही आहे की नाही इतकी हलकी. कानामागे टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका. मी पाठीवरचे पट्टे मोजले. आजी सांगायची की सेतू बांधताना खारीने वाळूत लोळून कण कण नेले म्हणून रामाने पाठीवरून बोटं फिरवली, त्याचे ते तीन पट्टे. मी मोजले तर तीन ठळक आणि कडेला दोन पुसट, पाच. तीन पट्ट्यांची आणि पाच पट्ट्यांची अशा दोन वेगळ्या खारी असतात हे मला खूप नंतर कळलं. त्या वेळी डोक्यात एवढंच आलं की रामाने पाची बोटं फिरवली असणार, आजीचं चुकलं.

आणि मग आम्हाला कळेना की आता हिचं काय करायचं. खरंच. शिकार म्हणजे मारणं इथपर्यंतच आमची कल्पना पोचली होती. मित्र म्हणाला टाकून दे. मला ते बरं वाटेना. टॉवेलात गुंडाळून घरी आणली.

मामा संध्याकाळी आला, शाईचे हात साबणाने घासत होता, मी टॉवेल उघडून दाखवला. त्याने बघितलं. खार उलटीसुलटी करून ठिपका बघितला आणि म्हणाला, "नेम बरो बसलो." मी फुललोच. मग त्याने विचारलं कसं मारलंस, आणि मी सांगत सुटलो, ती खोडामागे गेली, मग ह्याला पाठवला, मग ती इकडे आली.

मामाचे हात थांबले. "तो खय होतो तेव्हा?"

"झाडाच्या पलीकडे."

"किती पलीकडे?"

आणि मला त्या क्षणी, पहिल्यांदा, ते दिसलं. सावरीचं खोड, त्यावर खार, आणि त्याच रेषेत मागे, सात-आठ पावलांवर, माझा मित्र. खोड काय फार जाड नव्हतं. खार कडेला होती. दोन बोटं नेम चुकला असता तर.

मामाने शाईच्या ओल्या हाताने अशी कानाखाली मारली की गालावर पाची बोटं उमटली, निळी. (रामाने फिरवली तशीच, हे आत्ता सुचतंय, तेव्हा नाही.) आजवर मामाने मला तेवढं एकदाच मारलं. "चानी खय आसा ता सगळ्यांक दिसता," तो म्हणाला, आवाज न चढवता, "चानीच्या पाठी काय आसा ता बघूक होया." खडकाच्या पुढ्यात डबे का मांडायचे ते मला तेव्हा कळलं.

आई लग्नाहून आली तिने वेगळंच धरलं. रामाची खार मारलीस, पाप, वगैरे, रडली, दुसऱ्या दिवशी देवळात गेली. मामाने तिला मित्राचं सांगितलं नाही, मीही नाही, मित्राला तर अजून माहीत नाही. तो आता नालासोपाऱ्याला असतो, दोन मुलांचा बाप. खार आम्ही चाळीमागच्या जांभळाखाली पुरली आणि त्या शिमग्याला बंदूक गावाला गेली.

पक्षीतज्ज्ञ सलीम अलींची गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना माहीत असते. लहानपणी मुंबईत त्यांनी एअरगनने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता, ही कसली चिमणी म्हणून मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं, तिथल्या मिलार्डसाहेबांनी पेंढा भरलेले पक्षी दाखवले, आणि पुढे ते सलीम अली झाले. ही गोष्ट ऐकली की मला जरा हेवा वाटतो. बंदूक तीच, मामाही होता, पण आमच्या मामाला सोसायटी माहीत नव्हती. पण गंमत अशी की पिवळा डाग त्यांनाही चिमणी पडल्यावरच दिसला. पट्टे मला पण पडल्यावरच मोजता आले. नेम धरताना आपल्याला सगळ्यात जास्त दिसतं असं वाटतं, आणि तेव्हाच आपण सगळ्यात कमी बघत असतो. मला तर अख्खा मित्र दिसला नव्हता.

कायद्याचं म्हणाल तर तो गुन्हाच होता. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या यादीत पाच पट्ट्यांची खार नावानिशी होती, आम्हाला कायदा म्हणजे वाघ, हत्ती एवढंच वाटायचं. छर्ऱ्याच्या बंदुकीला मात्र लायसन लागत नव्हतं, आणि २०१६ च्या नियमांप्रमाणे आजही नळी ४.५ मिलिमीटरपर्यंत आणि ताकद २० ज्यूलच्या आत असेल तर लागत नाही. म्हणजे बंदूक चालते, पण खारीवर नाही. मग तिचं करायचं काय, तर कागदावर मारायची. २००० साली सिडनी ऑलिंपिकला आपल्या मुंबईची अंजली भागवत दहा मीटर एअर रायफलच्या फायनलला पोचली तेव्हा मी टीव्हीसमोर अर्धा श्वास धरून बसलो होतो. त्या निशाणाचा मधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, छर्ऱ्याच्या नवव्या हिश्शाएवढा, आणि मागे भिंत. मागे काही नाही याची सोय आधीच केलेली. मामाला फार आवडलं असतं, पण तो तेव्हा नव्हता.

आता विलायतेचं. माझा मावसभाऊ तिकडे असतो, लंडनपासून दोन तासांवर एका गावात, आणि सात-आठ वर्षांपूर्वी तो खारी मारायला लागला. आमच्या घरातला सगळ्यात मऊ मुलगा, झुरळ दिसलं तर खुर्चीवर चढणारा. फोनवर म्हणाला इथे लोक थँक्यू म्हणतात. गोष्ट खरी आहे. तिकडची मूळची खार तांबडी. १८७६ साली कोणा हौशी माणसाने अमेरिकेतली करडी खार आणून चेशरमधल्या आपल्या बागेत सोडली, आणखी काहींनी सोडल्या, आणि त्या अशा पसरल्या की तांबडी खार बहुतेक इंग्लंडातून गेलीच. करडीच्या अंगात एक देवीसारखा रोग असतो, तिला काही होत नाही, तांबडी मरते. वर करडी खार बीच आणि ओकच्या तरण्या झाडांची साल सोलते, साल गेली की झाड वाळतं. त्यामुळे जमीनमालकाची परवानगी घेऊन करडी मारायला बंदी नाही, उलट पिंजऱ्यात पकडलेली परत सोडणं हा गुन्हा. आपल्याकडे मारली तर गुन्हा, तिकडे सोडली तर! आणि उलटंही आहे, आपली ही रामाची पाच पट्ट्यांची खार १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियात पर्थच्या प्राणिसंग्रहालयात नेली, ती तिथून निसटली आणि तिथे आता ती उपरी.

२०१८ च्या फेब्रुवारीत ऑफिसच्या कामाने मी तिकडे महिनाभर होतो. शनिवारी पहाटे भाऊ घेऊन गेला. शेतामागचा एवढासा झाडोरा, आरेचं एक युनिट मोठं असेल. झाडं सगळी उघडी, सावरीसारखीच पण फूल नाही, वर काटक्यांचे गोळे दिसत होते, ती खारींची घरटी. थंडी अशी की नाक आहे का ते चाचपून बघत होतो. त्याची बंदूक बघून मला मामाची फारच आठवण झाली, कारण दोन्हींचं काही नातंच नव्हतं. हिच्यात हवा आधीच भरून ठेवलेली, पाणबुड्यांच्या पाठीवर असतो तसल्या सिलिंडरमधून. ना स्प्रिंग, ना झटके, वर दुर्बीण, पुढे आवाज मारणारं नळकांडं. ताकद १२ फूट-पाउंडच्या आत, म्हणजे सोळाएक ज्यूल, त्याच्या वर गेलं की तिकडे लायसन. आणि झाडाला एक डबा टांगलेला, शेंगदाण्यांनी भरलेला. आपण बसायचं तीस पावलांवर. खार शेंगदाणे खायला येते.

बस, एवढंच. शोधायचं नाही, ऐकायचं नाही, शेपटी बघायची नाही. रेशनच्या दुकानाबाहेर उभं राहिल्यासारखं वाटलं मला.

भाऊ कुजबुजला, तू मार. आणि म्हणाला, मागे मातीचा बांध आहे, मी डबा मुद्दाम तिथे लावलाय, छर्रा चुकला तरी मातीत जाईल. मी त्याच्याकडे बघतच राहिलो. मामा त्याचाही मामाच, पण त्याला मामाने कधी बंदूक शिकवली नव्हती.

खार आली. मोठी, आपल्या तीन खारी होतील एवढी, पोट पांढरं. दुर्बिणीत तिचा डोळा मोत्याएवढा दिसत होता. मी अर्धा श्वास सोडला, आंबा दाबला, ठप्प असा उशी आपटल्यासारखा आवाज, आणि ती पडली. नीट, कानामागे. भाऊ म्हणाला, वा, अजून हात आहे तुझा.

आणि मला काही वाटलं नाही. खरंच काही नाही, वाईटही नाही, बरंही नाही. कायद्याने बरोबर, झाडांसाठी बरोबर, कोणी मागे उभं नाही, सगळं बरोबर. दुपारी भावाने तिचा रस्सा केला, मालवणी मसाला घालून, आणि ताट पुढे करत म्हणाला, घे, खारीचा वाटा. हा विनोद तो तिथे पाच वर्षं कोणालातरी सांगायला थांबला असणार, कारण वहिनीने मान पण वर केली नाही. मांस सशासारखं, जरा चिवट. मी दोनदा घेतलं. मामा चूक होता, दोन घासांपेक्षा जास्त भरतं. अर्थात ती विलायती.

रात्री झोपताना आठवायचा प्रयत्न केला तर सकाळच्या खारीचा चेहरा आठवेना. फक्त डबा आणि बांध. आणि सावरीची ती खार चोवीस वर्षांपूर्वीची, तिच्या कानातून येणारं ऊन सुद्धा आठवत होतं. यात काय समजायचं ते मला कळलेलं नाही. चुकीची होती म्हणून लक्षात राहिली म्हणावं तर आयुष्यात चुका काय कमी केल्यात, त्या कुठे एवढ्या आठवतात.

गेल्या गणपतीत गावी बंदूक बघितली. माळ्यावर, नारळाच्या ढिगामागे. नळी मोडली तर ढिली पडली, कट्ट नाही, काही नाही. मामी म्हणाली भंगारवाल्याक देऊया काय. मी म्हटलं राहूदे.

सध्या आमच्या गोरेगावच्या फ्लॅटच्या गॅलरीत एक खार येते. चौथा मजला, पण समोरचा सोनमोहर तिथपर्यंत पोचतो. एसीच्या बाहेरच्या डब्यामागे घरटं करतेय, दाराबाहेरच्या काथ्याच्या पायपुसण्याचे धागे ओढून ओढून नेते, तोंडात एवढा मोठा बोळा की पुढचं दिसत नसेल तिला. बायकोने दोन पायपुसणी बदलली आणि आता सोडून दिलंय. रविवारी सकाळी मी चहा घेऊन बसतो, हलत नाही. दहाव्या मिनिटाला ती येते. ग्रिलवर थांबते. दोन सेकंद, तीन सेकंद.

आणि माझा श्वास अर्धा होतो. हातात कप आहे, तरी होतो. डावा डोळा आपोआप मिटतो. मग गाल जरा गरम झाल्यासारखा वाटतो आणि मी तिच्या मागे बघतो. मागे समोरच्या विंगमधल्या चौथ्या मजल्यावरच्या काकू पापड वाळत घालत होत्या त्या रविवारी, आणि त्या पण थांबून इकडेच बघत होत्या.

"कोणाला डोळा मारतोयस?" बायकोने आतून विचारलं.